म्हशीची पाठ

४ एप्रिल

दादा,

नमस्कार. नव्या गुडघ्याखाली उशी घेतली असशील असं धरून चालते. घेतली नसशील तर आधी घे, मग पुढचं वाच. वहिनीला म्हणावं, व्यायामाची वेळ झाली की हा माणूस झोपेचं सोंग घेतो, खोड लहानपणापासूनची आहे. चिमटा काढला की उठतो.

फोन न करता पत्र का, म्हणून रागावू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. पत्रात निदान तुला मधे तोंड घालता येत नाही.

इथलं सगळं ठीक आहे. हंगाम सुरू झाला, वरच्या धरणातून रोज सकाळी पाणी सुटतं आणि आपल्या सगळ्या बोटी पाण्यात आहेत. तुझ्या जावईबापूने ऑफिसचं रूपच पालटलंय. हेल्मेटं मापाप्रमाणे खुंट्यांवर, वल्ही रंगवून भिंतीला ओळीने उभी, बोटींत हवा भरायचा पंप नवा. माणूस कामाचा आहे हे मी कबूल करते, आणि मी सहजासहजी कोणाला चांगलं म्हणत नाही हे तुला माहीत आहे. बोटीत बसायच्या आधी तो प्रत्येक पर्यटकाचं लाइफ जॅकेट खांद्यांना धरून वर ओढून बघतो. जॅकेट कानांपर्यंत आलं की पट्टे परत आवळतो. परवा एका जाड्या गृहस्थांना त्याने इतकं आवळलं की ते म्हणाले, "अहो, बुडायच्या आधी गुदमरून जाईन मी."

आता जे झालं ते सांगते. घाबरू नकोस, सगळे धड आहेत.

गेल्या आठवड्यात एका बँकेची मंडळी आली होती. निघण्याआधी मी रोजच्यासारखा खुणेचा दगड पाहिला. पाणी पिवळ्या रेघेच्या चांगलं खाली. तूच शिकवलेलं आहेस, पाणी पिवळीच्या खाली असेल तर लहान मुलंसुद्धा न्यावीत, पिवळी बुडाली तर फक्त धडधाकट मोठी माणसं, आणि पाणी वरच्या लाल रेघेला टेकलं की बोटी काठावर उलट्या करून ठेवाव्यात. बँकवाल्यांत साठीच्या एक बाई होत्या. त्यांना पोहता येत नव्हतं, आयुष्यात कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. पिवळी कोरडी होती म्हणून मी त्यांना घेतलं.

मोठ्या वळणावर आले, समोर बघते तर म्हशीची पाठ नाही!

दादा, पिवळी कोरडी असताना म्हशीची पाठ दिसलीच पाहिजे. तो खडक आपण लहान होतो तेव्हापासून नदीच्या मधोमध ठाण मांडून बसलाय. पाणी पिवळीवर चढलं की मगच म्हैस बुडते, आणि ती बुडाली की तिच्यामागे पाणी उलटं फिरून असा काही खड्डा होतो की त्यात सापडलेली बोट सुटता सुटत नाही. आम्ही थेट त्यातच गेलो. "डावे पुढे, उजवे मागे" म्हणून मी घसा फोडला, पण बोट आडवी झाली ती झालीच. दोघं बाहेर फेकले गेले. आपला गाइड पाणकोंबडा एकट्याची कयाक घेऊन पुढे थांबला होता म्हणून बरं, त्याने एकाला उचलून काठाला लावलं. दुसऱ्या त्या बाई. मी त्यांच्याकडे दोरी फेकली आणि त्यांनी धरलीही, पण धरण्याआधी त्या एकदा पूर्ण खाली गेल्या. दोरीला ओढ लागेपर्यंत माझा जीव माझ्याजवळ नव्हता.

काठावर आल्यावर बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. एक शहाणा म्हणाला, "परत एकदा जायचं का?" मी त्याच्याकडे पाठ करून दोरी गुंडाळायला लागले.

तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय. नदीला खोटं बोलून काय मिळणार आहे? खोटं बोलतोय तो दगड. रेघा कोणीतरी वर सरकवल्या आहेत.

आधी वाटलं, हे काम पलीकडच्या काठावरच्या कंपनीवाल्याचं. आपल्या बोटी उलटल्या तर गिऱ्हाईक त्याच्याचकडे जाणार. पण तो पडला आळशी. स्वतःच्या दारावरची पाटी गेली कित्येक वर्षं रंगवलेली नाही, तो आपला दगड रंगवायला पाण्यात कशाला उतरेल? मग खरं सांगू? माझा संशय घरातच घुटमळतोय. जावईबापूच्या बुटांवर पिवळा रंग आहे. ताजा. मी विचारलं तर हसून म्हणाला, "कामाचा माणूस आहे, आत्या, डाग पडणारच." हसण्यावारी नेलेली गोष्ट मला कधीच आवडत नाही.

तुला एकच विचारायचंय. हंगामाआधी दगडावरच्या रेघा नव्याने आखताना एकाने ब्रश धरायचा, दुसऱ्याने पाण्यातल्या पायरीवर उभं राहून माप सांगायचं, आणि एकट्याने दगडाला हात लावायचा नाही, हा तुझाच नियम. दरवर्षी पायरीवर मी असते. यंदा मी तापाने पडले होते आणि कामावर आले तेव्हा रेघा आखून झाल्या होत्या. ऑपरेशनला जायच्या आधी तू इथे होतास, म्हणून विचारते. यंदा पायरीवर कोण उभं होतं?

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी


१३ एप्रिल

दादा,

पत्र पोचल्या पोचल्या तुझा फोन आला, म्हणजे गुडघ्याखेरीज बाकी सगळं चपळ आहे. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणात उभी होते. तू काय काय बोललास ते मनात परत परत लावून बघत होते.

तू पहिलं विचारलंस, "कोणाकोणाला बोललीस?" मग म्हणालास, "म्हैस सरकली असेल." दादा, म्हैस! बंगल्याएवढा खडक तो, गोठ्यात बांधलेलं जनावर नव्हे. मग तुला एकदम कळ आली आणि वहिनीने फोन घेतला. त्या बाई कशा आहेत, हे विचारायचं बहुतेक राहून गेलं. त्या बऱ्या आहेत. त्यांनी मला कार्ड पाठवलंय, आभाराचं. ते मी ड्रॉवरमध्ये पालथं घालून ठेवलंय. बघवत नाही.

पायरीवर कोण होतं, तेही तू सांगितलं नाहीस.

असो. जावईबापूवर मी पाळत ठेवली होती. हसू नकोस. तो ऑफिस बंद करून गेला की मी गोदामात जाऊन रंगाचे डबे उघडून बघत होते. आपल्याच घरात चोरासारखी! पिवळा डबा अर्धा होता. मनात म्हटलं, सापडला. मग वर बघते तर भिंतीला सगळी वल्ही उभी, प्रत्येकाच्या दांड्यावर पिवळा पट्टा, खाली फरशीवर ठिपकेच ठिपके. बुटांवरचा रंग तिथला. मी साप म्हणून भुई धोपटत होते.

तरी मन मानेना. शेवटी त्याला सरळ जाळ्यात ओढायचं ठरवलं. सकाळी बोटी उतरवताना सहज म्हटलं, "जावईबापू, त्या दगडावरच्या रेघा जरा खालवर वाटतात, तूच नीट आखून टाक की." माणूस अपराधी असता तर एक तर चपापला असता, नाही तर लगेच तयार झाला असता. हा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याला देव्हारा हलवायला सांगितलंय.

"आत्या, काय बोलता! त्या दगडाला मी कधी बोट लावणार नाही. बाबांची रेघ आहे ती."

"बाबांनी आखली? यंदाची?"

"दरवर्षी तेच आखतात ना?"

"आणि पायरीवर कोण होतं?"

"तुम्ही नव्हता?"

मग मी एकेका गाइडला गाठून विचारलं. पाणकोंबडा म्हणाला, "मला वाटलं जावईबापू होते." बाकीच्यांना वाटलं पाणकोंबडा होता. प्रत्येकाला वाटलं दुसरा होता. दरवर्षी कोणी ना कोणी असतंच, त्यामुळे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सगळे जण त्या रेघेवर विश्वास टाकून रोज माणसं पाण्यात नेतायत, आणि ती बरोबर आहे हे पाहणारा एकही जण नाही. 

तूर्त मी वळणाच्या आधी बोटी काठाला लावायला लावते. खडकावर चढून म्हैस दिसते का ते पाहायचं, मगच पुढे. पोरं कुरकुरतात, "आत्याबाईंचं वय झालं." होऊ दे. सध्या धरणवाले पाणी बेताने सोडतायत म्हणून हे जमतंय. पाणी वाढलं की वळणाआधी बोट थांबवायला जागाच उरत नाही, हे तुला सांगायला नको.

आता एक बातमी, जी ऐकून तू खूश व्हायला हवास. तुझी नात येत्या तेवीस तारखेला, रविवारी, पहिल्यांदा बोटीत बसणार. चिमणीचा अख्खा वर्ग येतोय, बरोबर दोन बाई. जावईबापूने होकार दिलाय, पिवळी कोरडी आहे म्हणून. चिमणी घरात हेल्मेट घालून हिंडतेय. जेवतानाही काढत नाही. मला विचारत होती, "आत्याआजी, म्हैस चावते का?" मी म्हटलं, नाही गं. 

दादा, नीट आठवून बघ. ऑपरेशन गुडघ्याचं झालंय, डोक्याचं नाही.

धाकटी


२१ एप्रिल, शुक्रवार

दादा,

या वेळी तू फोनही केला नाहीस. वहिनी म्हणाली तू हल्ली गप्प गप्प असतोस, जेवण अर्धं टाकतोस. औषधांमुळे असेल असं तिला वाटतं. मी तिला तसंच वाटू दिलं.

काल धरणाचं पाणी बंद होतं तेव्हा पाणकोंबड्याला घेऊन मी दगडापाशी गेले. त्याला काठावर उभं केलं आणि मी पायरीवर उतरले. पिवळी रेघ आजवर माझ्या कमरेला लागायची. कमरेचा घेर वाढला असेल, उंची वाढायचं माझं वय नाही. यंदा ती बरगड्यांना लागतेय. मी खालचं शेवाळ नखाने उकरलं. ते उगवलेलं नव्हतं, चिखल लावून थापलेलं होतं, पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. खाली तारेच्या ब्रशने खरवडल्याचे ओरखडे, आणि दगडाच्या खाचेत जुना पिवळा रंग उरलेला. वीतभर खाली. लालचंही तसंच.

पाणकोंबडा वरून म्हणाला, "आत्या, हे कोणी केलं असेल हो?"

मी म्हटलं, "बघू."

पण मी बघितलं होतं. नवी रेघ उजव्या टोकाला जाड आहे आणि डावीकडे येता येता बारीक झाली आहे. भरलेला ब्रश उजवीकडे टेकवून डावीकडे ओढलाय. उजव्या हाताचा माणूस अशी रेघ ओढत नाही. आपल्याकडे डावखुरा एकच आहे. शाळेत त्या हातावर छड्या खाल्ल्या त्याने, तरी हात बदलला नाही.

तू आखलीस, दादा. एकट्याने. मी तापाने पडले होते हे पाहून.

खरं सांगायचं तर पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हाच हे माझ्या मनात कुठेतरी होतं. नाही तर "पायरीवर कोण होतं" हे मी तुलाच का विचारलं असतं? पण ते कागदावर उतरवायची माझी छाती झाली नाही. आधी पलीकडच्याला धरलं, मग त्या गरीब जावयाला, वड्याचं तेल वांग्यावर काढत बसले. तो चोर निघाला असता तर मला किती बरं वाटलं असतं! त्याचा राग आला असता आणि विषय संपला असता. तुझा राग आला की मला रडू येतं. आत्ताही येतंय. संतापाने येतंय, असं समज.

का केलंस तेही मला कळतं. गेल्या वर्षी पिवळी सारखी बुडत होती, एकामागून एक शाळांच्या सहली रद्द केल्या आपण. पलीकडचा त्याच पाण्यात मुलं नेत होता आणि त्याचं काही बिघडलं नव्हतं. तू ओट्यावर बसून म्हणायचास, "आपण उगाच भितो, वीतभराने काय होतंय?" मी समजले तू वैतागून बोलतोस. लेकीच्या आणि जावयाच्या हाती चालता धंदा द्यावा, मरायला टेकलेला नको, असं तुला वाटलं असेल. तुझ्या मनात पाप नव्हतं, हे मी कोणापुढेही शपथेवर सांगेन. पण त्या बाई पाण्याखाली गेल्या तेव्हा त्यांना तुझं मन दिसत नव्हतं. आणि मी फोनवर सगळं सांगितल्यावर तू म्हणालास, म्हैस सरकली असेल. रेघ सरकवलीस त्यापेक्षा मला हे जास्त लागलं. त्या दिवशी तू एक शब्द बोलला असतास तर मी गुपचूप जाऊन रेघ खाली आणली असती आणि मरेपर्यंत तोंड उघडलं नसतं. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कोणाकडे, दादा?

आता रविवारचं ऐक. धरण भरत आलंय, रविवारी जास्त पाणी सोडणार असं आज कळवलंय. तेवढ्या पाण्यात तुझी पिवळी कोरडी राहील आणि म्हैस मात्र पुरती बुडालेली असेल. आज मी जावईबापूला म्हटलं, "सहल रद्द कर." तो कधी नव्हे तो माझ्यावर चिडला.

"आत्या, त्या दिवशी बोट आडवी झाल्यापासून तुम्ही धसका घेतलाय. रेघ कोरडी असेल तर मी जाणार. मी नवा आहे, मला नदी तुमच्यासारखी कळत नाही, म्हणून तर मी रेघ मानतो. बाबांच्या रेघेवर मी माझी पोरगी पाण्यात सोडतोय, अजून काय पाहिजे तुम्हाला?"

मी त्याला हाताला धरून दगडापाशी नेऊ शकत होते. खरवडलेलं दाखवलं असतं की पुढे बोलायची गरज नव्हती. पण त्याने ते माझ्या तोंडून ऐकलं तर त्याच्या लेखी तू कायमचा पकडलेला माणूस होशील. तुझ्या तोंडून ऐकलं तर चुकलेला आणि कबूल केलेला होशील. या दोन माणसांत फार फरक आहे. चिमणी ज्या घरात वाढणार आहे त्या घरात मला दुसरा हवाय.

मुलांची काळजी करू नकोस. काहीही झालं तरी रविवारी एकही मूल पाण्यात उतरणार नाही. बोटींच्या हवेच्या झडपा काढून मी माझ्या कपाटात कुलपात ठेवल्यात, किल्ली गळ्यात आहे. तुला वाचवायला हे केलेलं नाही. तुझं काय ते तुझं तुला करायचंय.

या पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. विम्याच्या कागदांवर तुझ्या सह्या हव्यात म्हणून जावईबापू उद्या सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतोय, त्याच्याच हाती हे देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. तरी त्याने वाटेत वाचलं नसेल, दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतला तो नाही. तू हे वाचतोयस तेव्हा तो समोरच्या खुर्चीवर बसून वहिनीने दिलेला चहा पीत असेल. मी त्याला एवढंच सांगितलंय की पत्र रविवारच्या सहलीबद्दल आहे, बाबा ते तुला मोठ्याने वाचून दाखवतील, आणि ते संपेपर्यंत तू उठायचं नाहीस.

तो वाट बघतोय, दादा. पहिल्या ओळीपासून सुरू कर.

अजूनही तुझीच,
धाकटी